ओट-बरसीम आणि मारका बैल

आमच्या घरात बैलाला कधी कुणी मारलं नाही. मार होता तो माणसांसाठी. आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, आसूड ओसरीतल्या खुंटीवर टांगलेला असे आणि तो कधी शेतात गेला नाही. औत हाकताना आबा बैलांशी बोलायचे, चुचकारायचे, वळणावर नुसता हात पाठीवर ठेवायचे. घरी आले की त्याच हाताने आम्हा दोघा भावांना सोलून काढायचे. बादली सांडली, मार. शाळेतून उशिरा आलो, मार. एकदा मी खेळता खेळता बैलाला दगड मारला, त्या दिवशी आसूड माझ्या पाठीवर तुटला आणि दुसऱ्या दिवशी आबांनी नवा वळून घेतला. डाव्या खांद्याखाली तो वळ अजून आहे.

आबा गेले तेव्हा आम्ही शेताची वाटणी केलीच नाही. आबांची मात्र आपोआप झाली. बैलांशी बोलणारी जीभ थोरल्या भावाकडे गेली आणि माणसांवर उठणारा हात माझ्याकडे आला. भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठे. त्यांनी आयुष्यात कुणाला चापट मारली नाही. मी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून एकाचे दोन दात पाडले, चुलतभावाच्या डोक्यात कळशी घातली आणि मोटर चालू होत नाही म्हणून स्टार्टरच्या पेटीला इतक्या लाथा घातल्या की पेटी गेली आणि माझा अंगठाही गेला. माझी बायको लग्नानंतर पहिल्या वर्षीच शिकली की मी गप्प झालो की आधी मुसळ उचलून आत ठेवायचं. यात फुशारकी काही नाही. मला राग येतो तेव्हा मला बरं वाटतं, आणि हे मला ठाऊक आहे, म्हणून माझी मलाच भीती वाटते.

भडगावपासून थोडं पुढे, गिरणेच्या काठाला आमचं शेत. कपाशी, मका, थोडी केळी, आणि माझ्या चार म्हशी. भाऊंच्या मालकीचं म्हणावं असं काही नव्हतं. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नाही. एक बैलजोडी होती, तीही लम्पीच्या साथीत अर्धी झाली. एक बैल अंगभर गाठी येऊन भाऊंच्या मांडीवर डोकं ठेवून मेला. दुसरा वाचला. पांढरा, रुंद कपाळाचा, उतारवयाला लागलेला. एका बैलाचं औत होत नाही आणि शेत तर ट्रॅक्टरच करत होता. शेजारी कुणाला तण काढायच्या कोळप्याला एकटा बैल लागला तर भाऊ तो घेऊन जायचे, बाकी दिवस तो गोठ्यात आणि भाऊ त्याच्या शेजारी बाजेवर. जेवण बायकोने घरी वाढून ठेवलेलं असलं तरी ते ताट घेऊन गोठ्यात जायचे. भाऊंना जगात त्या बैलाशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मी होतो, पण मी कुणाला असण्यासारखा माणूस नव्हतो.

ओट आणि बरसीम मी पहिल्यांदा शिरपूरकडे मेहुण्याच्या वावरात पाहिलं. ओट गव्हासारखा दिसतो, पण दाण्यासाठी नाही, हिरवाच कापून जनावराला घालायचा. बरसीम कडधान्याच्या जातीची, मेथीसारखी, तीन-तीन पानांची, इतकी कवळी की बघूनच म्हैस पान्हा सोडेल. मेहुण्याने मला तीनदा बजावलं. नुसत्या ओटाने पोट भरतं, दूध वाढत नाही. नुसती बरसीम, त्यात सकाळची दवाने ओली, उपाशी जनावराला घातली तर पोट फुगून जनावर घटकाभरात जातं. म्हणून दोन्ही एकाच वाफ्यात पेरायचं, ऊन पडून दव गेलं की विळ्याने एकत्र कापायचं आणि एकत्रच घालायचं. वेगळं करायचं नाही. मी मान हलवली, बियाणं घेतलं आणि घरी आलो.

यातलं एक अक्षर मी भाऊंना सांगितलं नाही. मुद्दाम नाही. आमच्यात बोलणं म्हणजे मी हुकूम सोडायचा आणि त्यांनी तो ऐकायचा, एवढंच उरलं होतं. का, कशासाठी, हे सांगायला माणसाला जरा शेजारी बसावं लागतं, आणि मी कुणाच्या शेजारी बसत नसे.

दिवाळी होऊन गेल्यावर पेरलं. ओट पाभरीने ओळीत टाकला. बरसीमचं बी बारीक, ते वाफ्यात पाणी भरून त्यावर फेकायचं असतं. त्यात माझा हात म्हणजे आनंद. एकीकडे ढीग, एकीकडे टक्कल. म्हणून फेकायला भाऊंना बोलावलं. त्यांनी गुळाच्या पाण्यात कालवलेलं, जिवाणू खत चोळलेलं बी ओटीत घेतलं आणि पाण्यात उभं राहून उजव्या हाताने असं फेकलं की आठ दिवसांनी वाफ्यावर कुणी हिरवं कापड अंथरल्यासारखं दिसत होतं. पंचक्रोशीत तसा फेकणारा हात नव्हता. ओटाचं बी हातात घेऊन ते एवढंच म्हणाले, "हाई ते घोडास्नं खानं शे. आपला गोठामा घोडा कोठे शे?"

मी हसलो नाही. मी कधी हसायचो नाही, हसलो की हुकूम ढिला पडेल असं वाटायचं.

चारा गुडघ्याच्या वर आला आणि पहिल्या कापणीचा दिवस जवळ आला, तेव्हा भाऊंनी विषय काढला. आबांची एक रीत होती. हिवाळ्यातल्या हिरव्या चाऱ्याची पहिली कापणी बैलांची. म्हशी मागून. ज्याने जमीन उकरली त्याने आधी खावं, असं आबा म्हणत, आणि स्वतः पाटी घेऊन बैलांपुढे बसत. भाऊ म्हणाले, "पहिली कापनी बैलनी ऱ्हास. आबा बी तसंच करेत."

मी धार काढत होतो. मान न वळवता म्हणालो, "बशीसन खाणाराले कडबा पुरे. हाई म्हशीस्नं शे. कोनी हात लावा ते हात मोडी टाकसू."

बसून खाणारा म्हणजे बैल की भाऊ, हे मी उघड म्हटलं नाही. त्यांना कळलं. ते काही न बोलता बैलाच्या पाठीवरच्या गोचिड्या काढत राहिले. मला त्यांच्या गप्प बसण्याचा राग आला. माणूस उलटून बोलला तर त्याला हाणता तरी येतं.

कापणीच्या दिवशी गिरणेकडून धुकं आलेलं. मी आणि बायको विळे घेऊन वावरात गेलो तेव्हा उजाडून चांगला वेळ झाला होता, पण पानांवर दव तसंच होतं. पाटाकडचे दोन वाफे बघितले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाफे तुडवलेले. ओट आडवा पडलेला, काही ठिकाणी मुळासकट उपटून बांधावर फेकलेला. बरसीम मात्र मुठी-मुठीने खुडून नेलेली, बायका मेथी खुडतात तशी, शेंडा न् शेंडा. चिखलात भाऊंच्या टायरच्या चपलांचे ठसे होते.

बायको म्हणाली, "जाऊ द्या, दोनच वाफे आहेत." ती चाळीसगावची, ती शहरी बोलते. मी तिला ढकललं. बांधावर कुदळ पडली होती, मी दगडावर आपटून तिचा दांडा काढला आणि निघालो. वाटेत काय विचार केला ते आठवतं. काहीच केला नाही. छातीत एक गोड ऊब होती आणि दांडा हाताला बरोबर बसला होता.

गोठ्यात भाऊ पाटी पुढ्यात घेऊन उकिडवे बसले होते. बरसीमची एक-एक जुडी झटकून, त्यातली ओटाची पात वेचून बाजूला टाकून, उरलेलं कवळं बैलाच्या तोंडाशी धरत होते. बैल खात होता. त्यांच्या पायापाशी ओटाच्या पातींचा ढीग साचला होता. पहाटेपासून हेच चाललं असणार.

"काय सांगेल व्हतं मी?" मी ओरडलो.

भाऊंनी वर पाहिलं. घाबरले नाहीत. चोरी सापडल्यासारखे नव्हे, तर पाहुण्याला जेवायला वाढताना कुणी मध्येच यावं तसे बघत होते. म्हणाले, "मेथीगत निवडीसन दिधं त्याले. दात घसेल शेत त्याना. पहिली कापनी शे ना."

मी मारला. डोक्यावरच नेम होता, हे मी आज लिहून ठेवतो, कारण बाकी कुणी लिहिणार नाही. भाऊंनी उजवा हात आडवा घातला. हाडाचा आवाज वाळकी पऱ्हाटी पायाखाली मोडावी तसा आला. दुसरा फटका खांद्यावर बसला. ते ओरडले नाहीत, बैलाच्या दावणीवर कोसळले आणि मनगट पोटाशी धरून बसले. मी तिसऱ्यांदा दांडा उचलला. दोनात माझं भागलं नव्हतं.

तेवढ्यात बैल कण्हला.

माणसासारखा कण्हला. मी बघितलं तर त्याची डावी कूस कमरेच्या हाडाच्या वर आलेली, ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली. चारी पाय फाकवून उभा, मान लांब केलेली, जीभ बाहेर, तोंडातून लाळेची तार. मेहुण्याचे शब्द मला एकदम, ओळीने आठवले. ओली. उपाशी. नुसती. वेगळं करायचं नाही.

दांडा माझ्या हातातून पडला. बायको मागोमाग आली होती, तिने डॉक्टरांना फोन लावला. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या गावी होते, निघतो म्हणाले, तोवर गोडेतेल पाजा आणि तोंडात आडवी काठी बांधा म्हणाले. मी त्याच दांड्याचा तुकडा केला आणि बैलाच्या जबड्यात आडवा बांधला. बायकोने शेंगदाण्याचं तेल आणलं. बाटलीने घोट-घोट तेल ओतलं, अर्धं बाहेर आलं. बैलाचे पाय लटपटले आणि तो उजव्या अंगावर धप्पकन पडला. श्वास तुटक झाला. बुबुळं वर गेली.

फोनवर डॉक्टर म्हणाले, "आता माझी वाट बघू नका. डाव्या कुशीत सुरी घाला. नाहीतर जाईल."

बायकोने घरातली वांगी चिरायची सुरी आणली, चुलीवर धरून लाल केली. मी ती घेतली आणि टोक कुशीवर इकडून तिकडे फिरवलं. ज्या हाताने आयुष्यभर विचार न करता हाणलं, तो हात पहिल्यांदा जागा शोधत होता. कुठे घालायची मला माहीत नव्हतं. भाऊ सरपटत आले. उजवा हात लोंबत होता, मनगटाला एक भलताच कोन आला होता. डाव्या हाताने त्यांनी बैलाचं कमरेचं हाड चाचपलं, शेवटची बरगडी चाचपली आणि मधल्या खळगीवर, जी आता खळगी नव्हती, टेकाड होतं, तिथे बोट ठेवलं.

"आठे," ते म्हणाले. "मनाकडथून आते व्हनार नही. तू घाल."

मी घातली. पहिल्यांदा कातड्यातच अडकली, रक्त आलं, बाकी काही नाही. भाऊ म्हणाले, "जोरमा. मारस तसा मार." त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. मी दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून सुरी दाबली. काहीतरी फाटलं आणि आधी फुसकन हवा आली, मग हिरवा फेस उसळून माझ्या तोंडावर, डोळ्यांत, तोंडात. बरसीमचा आंबूस वास. भाऊंनी सुरी फिरवून तिरपी धरायला सांगितली, नाहीतर भोक फेसाने बुजतं. मी तशी धरून बसलो. कूस हळूहळू खाली बसली. बैलाने एक मोठा श्वास घेतला.

एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. पोटात सुरी खुपसली तरी त्या बैलाने पाय उचलला नाही. पडल्या जागी त्याने भाऊंच्या मांडीकडे तोंड वळवलं, एवढंच.

डॉक्टर आले. त्यांनी जखम धुतली, औषध दिलं, टाके घातले, दहा मिनिटं उशीर झाला असता तर संपलंच होतं म्हणाले. मग त्यांची नजर भाऊंच्या हाताकडे गेली. मनगट पपईएवढं सुजलं होतं.

"हे काय झालं?"

मी हौदावर तोंड धूत होतो. पाण्याची ओंजळ हातात तशीच राहिली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बैलनी लाथ मारी," ते म्हणाले.

मी ओंजळ तोंडावर मारली आणि तोंड धुतलं. तेच भडगावच्या हाडांच्या दवाखान्यात सांगितलं गेलं, तेच पारावर, तेच सोयऱ्यांना. माझ्या बायकोने त्या दिवसापासून महिनाभर माझ्याशी शब्द काढला नाही, पण बाहेर तीही तेच बोलली. खोटं भाऊंनी एकदाच सांगितलं. जिवंत ठेवलं ते मी, नुसतं गप्प बसून.

गावात बैल मारका ठरायला एवढं पुरतं. कोळप्याला मागणारे मागेनासे झाले. आमच्या गोठ्यावरून जाताना बाया लेकरांचा हात धरायला लागल्या. एकाने तर भाऊंना सांगितलं, म्हातारा झाला आणि वर मारका, आता विकून टाका. भाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ दे." ज्या माणसाने त्या बैलावर कधी आवाज चढवला नाही, त्याने त्या बैलाचा चांगुलपणा माझ्यासाठी मोडून दिला होता. त्याच्याजवळ मोडायला दुसरं काही नव्हतं.

पोळ्याला मी ठरवलं होतं की आता सांगायचं. भाऊंनी डाव्या हाताने बैलाची शिंगं रंगवली होती, रंग डोळ्यांपर्यंत ओघळला होता. मनगट वाकडंच बसलं होतं त्यांचं. मारुतीपुढे बैल रांगेत उभे राहिले आणि गावातला एक म्हातारा, ज्याला सगळे नाना म्हणतात, तो म्हणाला, "त्याले मांगे ठेवा भो. पुढे पोरं शेत."

भाऊंनी कासरा धरला, बैल वळवला आणि मागे नेलाच नाही, सरळ घरी आणला. मी तिथेच उभा होतो. मारायचं असतं तर मी नानाला तिथेच आडवा केला असता. बोलायचं होतं, आणि ते मला येत नव्हतं. घरी येऊन पाहिलं तर भाऊ गोठ्यात बसून बैलाला पुरणपोळी मोडून भरवत होते.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ओट-बरसीम पेरलं. बी भाऊंनीच फेकलं, हट्टाने, डाव्या हाताने. वाफ्यात एकीकडे ढीग आणि एकीकडे टक्कल उगवलं, माझ्यासारखं. मी काही बोललो नाही. पहिली कापणी मी केली. ऊन वर येऊ दिलं, दव गेलं, ओट आणि बरसीम एकत्र कापलं, कुट्टी केली, आधी बैलाला कडबा घातला आणि मग पाटी त्याच्यापुढे ठेवून बसलो. भाऊंच्या शेजारी. तेव्हा मी त्यांना सांगितलं की दोन्ही एकत्र का पेरतात, मेहुणा काय म्हणाला होता, सगळं. ऐकून त्यांनी पाटीतला चारा मुठीत घेऊन पाहिला.

"मंग हाई माले पहिले काबरं नही सांगं?" ते म्हणाले.

मी रडलो. वयाच्या पन्नाशीत, शेणाच्या गोठ्यात, बैलापुढे. त्यांनी वाकडा हात माझ्या पाठीवर ठेवला, नेमका त्या वळावर.

दुसऱ्या कापणीआधीच बैल गेला. काही झालं नव्हतं, वय झालं होतं. सकाळी उठला नाही. बांधाशी खड्डा खणायला चार-पाच शेजारी आले. बैल खाली उतरवला, भाऊंनी त्याच्या तोंडाशी ओट-बरसीमची एक पेंढी ठेवली. नानाही आला होता. तो फावडं टेकवून म्हणाला, "जाऊ द्या भो. मारका व्हता, सुटनात तुम्ही."

माझ्या हातात फावडं होतं. हाताला ते बरोबर बसलं होतं. छातीतली ती जुनी ऊब वर आली. मी फावडं जमिनीवर ठेवलं.

"तो मारका नही व्हता," मी म्हणालो. "त्यानी जिंदगीमा कोनले लाथ मारी नही. भाऊना हात मी मोडेल शे. कुदळना दांडावरी. डोकामा मारत व्हतो, हातवर लागना."

बायको लांब उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मी भाऊंकडे बघायची हिंमत करत होतो आणि होत नव्हती. ते खड्ड्याच्या काठावर बसले होते. डाव्या हाताने त्यांनी मूठभर माती घेतली, बैलाच्या कपाळावर सोडली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"पाटी उचल," ते म्हणाले. "ऊन व्हई ऱ्हायनं."

मी काठावरची मातीची पाटी उचलली आणि खड्ड्यात माती टाकायला लागलो.